आधी परवाना, मग प्रवचन

परदेशी शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या पोरांना पहिल्या महिन्यात फोन करून बघा. त्या देशाबद्दल ती अवाक्षर काढत नाहीत. बँकेत खातं उघडायला घराचा पत्ता लागतो, घर भाड्याने घ्यायला बँकेचं खातं लागतं, आणि दोन्हीला जो कागद लागतो त्याची तारीख पुढच्या महिन्यातली मिळालेली असते. सगळं बोलणं तेवढ्याभोवती. धर्मप्रचाराला परमुलखात निघालेल्या तरुणाची गत काही वेगळी असेल असं आपल्याला उगाच वाटतं. अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉलचं मुंबईतलं पहिलं वर्ष गेलं ते मुख्यतः सरकारदरबारी अर्ज करण्यात.

हॉल मुंबईत उतरला 11 फेब्रुवारी 1813 रोजी. वय अठ्ठावीस. मॅसॅच्युसेट्समधल्या टॉलंड गावचा पोरगा. शेजारच्या कनेक्टिकटमधल्या वुडबरीच्या चर्चने त्याला कायमचा पाद्री म्हणून बोलावलं होतं. घर, मान, ठरलेलं वेतन, सगळं जागेवर चालून आलं होतं. त्याने नाही म्हटलं. 1812 च्या फेब्रुवारीत मॅसॅच्युसेट्समधल्याच सेलमच्या चर्चमध्ये पाच तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा मिळाली, त्यांतला हा एक. अमेरिकन बोर्ड या बोस्टनच्या मिशनरी संस्थेची ही पहिलीच तुकडी. पुढे जिला आपण अमेरिकन मराठी मिशन म्हणून ओळखू लागलो, ज्या मिशनने 1842 साली नगरला ‘ज्ञानोदय’ काढलं, तिचं मूळ इथं आहे.

पण 1813 साली यातलं काहीच नव्हतं. होते ते तिघं: हॉल, त्याचा सोबती सॅम्युएल नॉट आणि नॉटची बायको रोक्झाना. तिघंही कलकत्त्याहून निसटून आलेले. ‘निसटून’ हा शब्द जपून वापरतोय. त्यांना इंग्लंडला रवाना करा, असा हुकूम कलकत्त्यात निघाला होता. तो तामील व्हायच्या आत ही मंडळी मुंबईच्या जहाजावर चढली. त्याच तुकडीतल्या न्यूएल नवराबायकोलाही कलकत्त्यात थारा मिळाला नाही. ती दोघं मॉरिशसच्या वाटेला लागली. हॅरिएट न्यूएलचं मूल वाटेत समुद्रावरच गेलं, आणि आदल्या वर्षीच्या 30 नोव्हेंबरला मॉरिशसमध्ये तीही गेली. एकोणीस वर्षांची होती.

कंपनी सरकारला मिशनऱ्यांचं वावडं का होतं? देवाधर्माशी त्याचा संबंध थोडाच. 1806 मध्ये वेल्लोरला शिपायांचं बंड झालं, तेव्हा त्याचं खापर फोडताना मिशनऱ्यांचंही नाव घेतलं गेलं. व्यापारात आणि सारावसुलीत खोडा नको, एवढंच साहेबाचं धोरण. त्यात 1812 च्या जूनमध्ये अमेरिका आणि इंग्लंडचं युद्ध पेटलं. हॉल फिलाडेल्फियाहून निघाला तेव्हा तो नुसता परदेशी होता; जहाज समुद्रात असताना तो शत्रुराष्ट्राचा नागरिक झाला, आणि हे त्याला कळलं ते इकडे आल्यावर. आणि ज्या मराठी मुलखासाठी तो आला होता तो तर अजून पुण्याच्या पेशव्यांचा. इंग्रजांची मुंबई म्हणजे बेटं आणि साष्टी, एवढाच ऐवज.

मुंबईचा गव्हर्नर होता सर इव्हान नेपियन. याची कारकीर्द गमतीची आहे. 1787 मध्ये इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला कैद्यांची पहिली जहाजं निघाली, त्यांची लंडनमधली सगळी जमवाजमव याच्या टेबलावरून झाली. सिडनीजवळच्या एका नदीला त्याचं नाव आहे. माणसं जहाजात भरून पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला धाडायचा अनुभव त्याच्याइतका क्वचितच कुणाला असेल. पण हा गृहस्थ स्वतः श्रद्धाळू, बायबल सोसायटीशी संबंध असलेला. कलकत्त्याहून हुकूम येतोय की यांना हाकला, आणि मन म्हणतंय की ही तर आपलीच माणसं. मग त्याने केलं ते, जे अशा पेचात सापडलेला कुठलाही अधिकारी करतो. कागद फिरवत ठेवला. बघू, कळवू, जहाज मिळू दे.

नोव्हेंबरात हॉल आणि नॉट दोघांचा धीर सुटला. गुपचूप एका गलबतात बसून ते किनाऱ्याकिनाऱ्याने कोचीनला पोचले. पुढे सिलोन गाठायचा बेत होता. पण कोचीनलाच धरले गेले आणि परत मुंबईत. आता नेपियनची पंचाईत झाली. ज्यांना सांभाळून घेत होतो त्यांनीच तोंडघशी पाडलं, म्हणून तो रागावला, आणि त्याचं चुकलं असं मला वाटत नाही.

डिसेंबरात इंग्लंडला जायचं जहाज ठरलं. तेव्हा हॉलने नेपियनला पत्र लिहिलं. त्याचा मथितार्थ असा: आम्ही ज्याच्या आज्ञेवरून आलो तो तुमच्या सरकारापेक्षा मोठा आहे, आणि तुम्ही आम्हाला हाकलून दिलंत याचा जाब शेवटच्या न्यायाच्या दिवशी तुम्हाला तिथे द्यावा लागेल. मिशनच्या इतिहासांत हे पत्र भक्तीचा कळस म्हणून मिरवतं. मला त्यात विनंतीपेक्षा दटावणी जास्त दिसते. समोरचा माणूस देवाला भितो हे हॉलने वर्षभरात पुरतं ओळखलं होतं आणि नेमकं तिथे बोट ठेवलं. नास्तिक गव्हर्नर असता तर पत्र केराच्या टोपलीत गेलं असतं. नेपियनने हुकूम थांबवला. दरम्यान 1813 च्या सनदी कायद्याने मिशनऱ्यांना रीतसर परवाने द्यायची तरतूद झाली होती, पुढे लंडनहून वाट मोकळी झाली, आणि मंडळी राहिली.

या सगळ्या काळात घरच्यांना काय माहीत? पत्र अमेरिकेला पोचायला महिनेच्या महिने, त्यातून युद्ध. आजच्या मॉर्मन या अमेरिकन पंथाच्या पोरांना, अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी मिशनवर निघणाऱ्या, 2019 पासून दर आठवड्याला घरी फोन करता येतो. हॉलने ‘आम्हाला हाकलताहेत’ असं लिहिलं आणि उत्तरादाखल ‘धीर धरा’ आलं, तरी तोवर प्रकरण केव्हाच मिटलेलं असणार.

बरं, एवढा आटापिटा करून राहिला तो कुणासाठी? ज्या लोकांना तारायचं त्याने ठरवलं होतं, त्यांच्याशी तोवर त्याचं धड बोलणंही झालं नव्हतं. त्या ठाम खात्रीची मला भीती वाटते, आणि थोडा हेवाही. परवाना हाती आल्यावर खरी अडचण समोर आली. हॉल मराठी शिकला, बाजारात, देवळांपुढे उभा राहून बोलू लागला. लोक ऐकत, वाद घालत, हसत आणि आपापल्या वाटेने जात. नॉटची तब्येत ढासळली. ज्या परवानगीसाठी एवढं रामायण झालं ती मिळून दोन वर्षंही झाली नव्हती तोच 1815 मध्ये तो बायकोसह परत गेला.

त्याच वर्षी मिशनने मुंबईत मराठी शाळा काढली. प्रवचनाला न थांबणारे आईबाप पोरांना मात्र पाठवू लागले, कारण तिथे लिहिणं आणि हिशेब शिकवत. शिकवायला ख्रिस्ती मास्तर आणायचे कुठून? मुळात मिशनच्या हातून ख्रिस्ती झालेलं अजून कुणी नव्हतंच. तेव्हा ब्राह्मण पंतोजी नेमले गेले, आणि न्यू इंग्लंडच्या गावोगावच्या चर्चमध्ये हीदनांच्या, म्हणजे ख्रिस्ती नसलेल्यांच्या, उद्धारासाठी गोळा झालेल्या नाण्यांतून त्यांचा पगार दरमहा चुकता होऊ लागला.