विश्लेषण : उसाची डबल ट्रॉली रात्री जीवघेणी का ठरते?

साखर कारखान्यांची धुराडी पेटली की पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाड्यातील रस्त्यांवर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलींची रांग लागते. अंधारात या ट्रॉलींना मागून धडकून अनेकांचे जीव जातात. दोष बहुतेकदा चालकाच्या माथी मारला जातो. धोका मात्र ट्रॉली फडातून निघतानाच तयार झालेला असतो.

ट्रॉली वेळेत का दिसत नाही?

ताशी ८० किमी वेगाची मोटार सेकंदाला २२ मीटर अंतर कापते. हेडलाइट लो बीमवर असेल तर जेमतेम ४० ते ५० मीटरपर्यंतचे दिसते, म्हणजे हाती दोनच सेकंद. धोका ओळखून मोटार पूर्ण थांबवायला मात्र ६० मीटरच्या आसपास लागतात. त्यामुळे बंद पडून उभी असलेली ट्रॉली सर्वांत घातक. लांबून चमकणारा रिफ्लेक्टर हे अंतर भरून काढतो. पण मागे बाहेर आलेला ऊस आणि पाचट नेमका तोच झाकतात. मागच्या ट्रॉलीपर्यंत दिव्याची वायर अनेकदा पोहोचलेलीच नसते.

ब्रेक कुठे कमी पडतात?

ट्रॅक्टरचे ब्रेक सहसा फक्त मागच्या चाकांना असतात. शेतात झटकन वळता यावे म्हणून डाव्या-उजव्या चाकाचे पेडल वेगळे असतात. रस्त्यावर ते खिटीने जोडावे लागतात. एकच पेडल दाबले गेले तर ट्रॅक्टर एका बाजूला ओढला जातो. बहुतेक ट्रॉलींना स्वतःचे ब्रेक नसतात. दोन-अडीच टनांच्या ट्रॅक्टरमागे त्याच्या कित्येक पट वजन असते. उतारावर हे ओझे ट्रॅक्टरला पुढे ढकलते. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल केली की इंजिनाचा रोधही जातो. चढावर हुकवरचा भार वाढून ट्रॅक्टरची पुढची चाके उचलतात आणि स्टिअरिंग निकामी होते.

तरीही जादा ऊस का भरला जातो?

वाहतूकदाराला पैसे टनावर मिळतात. टोळीला दिलेली उचल आणि ट्रॅक्टरचे हप्ते हंगामातच वसूल करायचे असतात. एका खेपेत जितका जास्त ऊस, तितका डिझेलचा खर्च कमी.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार जादा भारासाठी २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये दंड आहे. तो केवळ चालवणाऱ्याला नाही, तसे वाहन चालवू देणाऱ्यालाही लागू होतो.

मग उपाय कुठे?

प्रत्येक रस्त्यावर पथक उभे करणे शक्य नाही. पण प्रत्येक ट्रॉली एका ठिकाणी थांबतेच : कारखान्याच्या वजनकाट्यावर. तिथे प्रत्येक खेपेचे वजन नोंदले जाते आणि गव्हाणीपुढे ट्रॉली तासन्‌तास उभी असते. रिफ्लेक्टर, दिवे आणि हुकची पिन तपासायला पाच मिनिटे पुरतात. जादा वजनाची पावती तिथेच अडली, तर पुढची खेप फडातच हलकी भरली जाईल.