अण्णांनी ओटीपी कुणालाच सांगितला नव्हता

मा. गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई



माझे वडील, अण्णा, एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. हिशेबात त्यांचे कधी आठ आणे मागेपुढे झाले नाहीत. त्यांच्या मोबाइलच्या कव्हरमध्ये त्यांच्याच अक्षरातली चिठ्ठी आहे: ‘ओटीपी कुणालाही सांगायचा नाही.’ बँकांच्या जाहिराती ऐकून लिहिलेली. अण्णांनी ते तंतोतंत पाळलं. तरी खात्यातून 84 हजार रुपये गेले.

व्हॉट्सअ‍ॅपवर, ओळखीच्याच नंबरवरून, ‘आरटीओ ई-चलान’ नावाची फाइल आली. नावाच्या शेवटी ‘एपीके’, म्हणजे खरं तर अ‍ॅपच; चित्रात सिंहांची राजमुद्रा. स्कूटरचा दंड राहिला असेल म्हणून त्यांनी ती उघडली. फोनने मेसेज वाचायची परवानगी विचारली, त्यांनी ‘अनुमती द्या’ दाबलं. दंड भरण्यासाठी कार्डाचे आकडे मागितले, तेही भरले. कुठलाही दंड भरताना भरतो तसेच. मग ते चित्र स्क्रीनवरून नाहीसं झालं. अ‍ॅप मात्र आत बसून राहिलं. रात्री अण्णा झोपलेले असताना बँकेचे ओटीपी येत गेले आणि ते अ‍ॅप चोरांना पाठवत गेलं.

सकाळी उठल्याउठल्या आम्ही सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन केला, मग शाखा गाठली. तिथलं उत्तर: “ओटीपी बरोबर पडलाय, म्हणजे तुम्हीच दिला असणार.” अण्णा एवढंच म्हणत राहिले, “मी कुणालाच सांगितला नाही हो.”

तुमच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात म्हटलं होतं की, ग्राहकाने स्वतः गोपनीय तपशील दिले, तर तक्रार करेपर्यंतचं नुकसान त्याचं. पण ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करायचा भार त्याच परिपत्रकाने बँकेवर टाकला होता. आमच्या शाखेत पहिलं वाक्य तोंडपाठ होतं, दुसरं कुणाला ठाऊकही नव्हतं.

ओटीपी सांगणं वेगळं आणि अ‍ॅपने तो चोरून वाचणं वेगळं, हे बँकांना लेखी कळवा. फोनची तपासणी केल्याशिवाय ‘निष्काळजीपणा’ हा शेरा मारू देऊ नका. बँकांच्या संकेतस्थळांना तुम्ही ‘डॉट बँक डॉट इन’ हा पत्ता दिलात, ऑक्टोबर 2025 अखेरची मुदत घातलीत, हे फार चांगलं केलंत. पण व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फाइलला पत्ताच नसतो. तेव्हा जाहिरातीत तो ‘अनुमती द्या’चा चौकोन दाखवा, अगदी फोनवर दिसतो तसा, मराठीत.

अण्णांनी चिठ्ठी अजून काढलेली नाही. तिच्याखाली आता काय लिहू, असं त्यांनी मला विचारलं. ती ओळ तुमच्याकडून यायला हवी.

आपला,
एका खातेदाराचा मुलगा