तासावरचा इतिहास



जून उजाडला की दोन माणसं डोळ्यांत तेल घालून वाट बघत बसतात. एक कोरडवाहू शेतकरी, तो पावसाची बघतो. दुसरा तासावरचा प्राध्यापक, तो ऑर्डरची बघतो. पहिल्यावर कविता झाल्या, सिनेमे निघाले. दुसऱ्याबद्दल कुणी ब्र काढत नाही. म्हणून मी काढतो. मी मॅट्रिक. मुंबईच्या गोदीत कंत्राटी हमाल. कॉलेजात गेलो तो एकदाच, ट्रकमधून बाकडी उतरवायला. अशा माणसानं प्राध्यापकाबद्दल काय लिहावं, असं ज्याला वाटत असेल त्यानं इथंच पान उलटावं.

मेच्या शेवटी चार पाळ्या बुडवून मारुंजीला गेलो. वाकडला उतरलो, हिंजवडीच्या गर्दीत घामानं निथळलो आणि गावात पोचलो. गाव म्हणजे काय आता? जिथं ज्वारी होती तिथं टॉवर. टॉवरला इंग्रजी नावं. टँकर येतात, टँकर जातात. आयटी पार्क आलं आणि मुळशीच्या ह्या अंगाची माती सोन्याच्या भावानं विकली गेली. कुणाची माती, कुणाचं सोनं, ते पुढं सांगतो.

संध्याकाळी विहाराच्या पायरीवर दादा बसलेला. हा दादा आमच्या वाड्यातला पहिला एम.ए. सेट पास. पीएच.डी. इतिहासाचा प्राध्यापक. म्हणजे लोक प्राध्यापक म्हणतात. कागदावर तो तासिका तत्त्वावरचा. जेवढे तास घेतले तेवढे पैसे. सुट्टी पडली की पैसे बंद. दरसाली नव्यानं अर्ज, नव्यानं मुलाखत, नव्यानं ऑर्डर. अकरा वर्षं झाली. अकरा वेळा त्याला विचारलं गेलं, “तुम्हाला इतिहास शिकवता येतो का?”

उन्हाळ्यात तो गावातल्याच एका टॉवरच्या गेटवर रात्रपाळी करतो. येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं रजिस्टरात लिहितो. डॉक्टरेटचा माणूस गाड्यांचे नंबर उतरवतो. आणि त्या टॉवरखालची जमीन कोणाची होती हे त्याला ठाऊक आहे. इतिहासाचाच माणूस तो.

मी म्हणालो, “दादा, कॉलेज कधी सुरू?”

“कॉलेज सुरू होईल. माझं सांगता येत नाही.”

“का?”

“गेल्या साली पोरांना कागद आणायला सांगितले ना.”

मग त्यानं सगळं सांगितलं. गेल्या जूनमध्ये पहिल्याच तासाला तो पोरांना म्हणाला, पुस्तक मिटा. उद्या येताना प्रत्येकानं घरातला एक जुना कागद आणा. कसलाही. पावती, सातबारा, रेशनकार्ड, आज्याचा दाखला. आपण त्यातून इतिहास वाचू. पोरं खूश. पाटलाच्या पोरानं सनद आणली. धनगराच्या पोरीनं बापाची सावकाराला दिलेली चिठ्ठी आणली. आणि आपल्या एका पोरानं महार वतनाचा कागद आणला.

आता ह्या कागदात काय असतं ते समजून घ्या. वतन म्हणजे दान नव्हे. गावची राखण, सारा पोचवणं, मेलेलं जनावर ओढणं, सरकारी माणसापुढं पळणं, दिवसरात्र राबणं, आणि त्याच्या बदल्यात जमिनीचा तुकडा नि दारोदारचं बलुतं. इंग्रजानं १८७४ च्या कायद्यात ही गुलामी बांधून टाकली. बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ ला मुंबईच्या कायदेमंडळात त्या कायद्यात दुरुस्ती करणारं बिल मांडलं. वतन शेवटी गेलं ते १९५८ च्या कायद्यानं, अंमल १ ऑगस्ट १९५९ पासून. तीस वर्षं लागली! जमीन सरकारजमा झाली आणि आकाराच्या तिप्पट रक्कम भरली तर मूळ वतनदाराला परत मिळाली. अट एक : कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येणार नाही. अट चांगली होती. आमच्या अडाणी आज्याला कुणी फसवू नये म्हणून होती.

वर्गात त्या पोरानं साधा प्रश्न विचारला. “सर, विकता येत नव्हती, तर मग गेली कशी?”

बस्स. एवढाच प्रश्न. दादानं उत्तर दिलं. अंगठा कसा घेतात, कुलमुखत्यारपत्र म्हणजे काय, दलाल कोण असतात, कचेरीत फाइल कशी झोपते नि कशी उठते. कुणाचं नाव घेतलं नाही. पण वर्गात ज्यांच्या घरी जमिनीचा धंदा होता त्यांना नाव घ्यायची गरज नव्हती. दोन दिवसांनी वर बोलावणं आलं. “सर, तुम्ही वर्गात जातीयवाद करता अशी तक्रार आहे. सिलॅबस पुरा करा.”

वा रे न्याय! जातीवर जमीन बांधली तेव्हा तो कायदा. जातीच्या अज्ञानावर जमीन लाटली तेव्हा तो व्यवहार. आणि हे वर्गात सांगितलं की तो जातीयवाद. २०२५ च्या नोव्हेंबरात पुण्यातल्या मुंढव्याच्या ४० एकर महार वतन जमिनीच्या व्यवहारावरून राज्यभर गदारोळ झाला, तेव्हा पेपरवाले धावत सुटले, महार वतन म्हणजे काय हो? दादाच्या वर्गातल्या पोरांना ते आधीच ठाऊक होतं. पंधरा मिनिटांच्या एका उत्तरात.

मी भडकलो. म्हणालो, “दादा, मग तू काय केलंस?”

तो खाली बघून म्हणाला, “सिलॅबस पुरा केला.”

खरं सांगतो, त्या क्षणी मला त्याची कीव आली नाही. राग आला. रात्री झोप लागली नाही. आमच्यातला शिकलेला माणूस मान खाली घालून “सिलॅबस पुरा केला” म्हणतो, मग आमच्या बापांनी कुणासाठी पाठी सोलल्या? सकाळी आजीला सांगितलं तर ती म्हणाली, “तू मुकादमाला उलटून बोलतोस का रं?”

गप झालो. नाही बोलत. बोललो तर उद्या पास मिळत नाही.

इथून माझं डोकं वेगळं चालायला लागलं. गोदीचा इतिहास मला म्हाताऱ्या कामगारांनी सांगितलाय. एके काळी पहाटे गेटवर माणसं उभी राहायची. टोळीवाला यायचा, बोट दाखवायचा, तू ये, तू नको. ज्याच्यावर बोट पडलं त्याची चूल पेटायची. मग कामगार लढले, संघटना झाल्या, १९४८ साली गोदी कामगारांचा कायदा झाला, डॉक लेबर बोर्ड आलं. नोंदलेला कामगार हजर राहिला आणि काम निघालं नाही, तरी त्याला हजेरीचे पैसे मिळू लागले. मग कंटेनर आला. १९८९ ला न्हावाशेवाचं बंदर सुरू झालं, माल तिकडं गेला, बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये विरून गेलं, आणि आज मी पुन्हा पासावर उभा आहे. टोळीवाला गेला, ठेकेदार आला. बोट तेच.

आणि ते बोट आता कॉलेजच्या गेटवर पोचलं. हमालाला पाळीवर, प्राध्यापकाला तासावर.

तुम्ही म्हणाल, पक्क्या नोकरीचे प्राध्यापक लाखाच्या वर पगार घेतात, ते कुठं बोलतात? बरोबर. नोकरी पक्की झाली की जीभ सुटते असं नाही. पुष्कळांची जीभ पगाराखाली आणखी दबते. पण ज्याची जीभ मुळात सुटलेली आहे त्याला गप्प करायचा सोपा उपाय म्हणजे त्याची भाकर कच्ची ठेवणं. काढून टाकायला नको, चौकशी नको, मेमो नको. जूनमध्ये फक्त ऑर्डर काढायची नाही. रक्त सांडत नाही, आवाज होत नाही.

आणि दुसरा डाव बघा. पक्क्या जागा भरल्या तर राखीव जागा भराव्या लागतात. जागाच वर्षानुवर्षं अडवल्या तर आरक्षणाला हात न लावता आरक्षण संपतं. घटना शाबूत, पुतळा शाबूत, १४ एप्रिलचा हार शाबूत. फक्त आमचा माणूस खुर्चीवर नाही.

१४ एप्रिलवरून आठवलं. त्याच तारखेला १९४४ साली आमच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन नावाचं जहाज फुटलं. पोटात कापूस आणि दारूगोळा एकत्र. अर्धी गोदी जळाली. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, त्यांची देशभर दरसाल आठवण होते, व्हायलाच पाहिजे. पण त्या दिवशी गोदीत ओझी वाहणारे किती मेले? जितकी पुस्तकं तितके आकडे. ज्याची हजेरी पक्की नाही त्याचं मरणही पक्कं मोजलं जात नाही. इतिहास कुठं हरवतो ते मला इथं कळलं. तो हजेरीपटावर हरवतो.

बाबासाहेबही प्राध्यापक होते. १९१८ ते १९२० सिडनहॅम कॉलेजात. तिथल्या सहकाऱ्यांना त्यांनी माठातलं पाणी प्यालेलं खपत नव्हतं. ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ निघाला तेव्हा ते नोकरीतच होते, म्हणून संपादक म्हणून नाव पांडुरंग भटकरांचं होतं. बघा, नोकरीनं त्यांच्याही नावावर झाकण ठेवलं. पण लेखणीवर ठेवता आलं नाही. का? कारण त्यांच्यामागं पेपर होता, माणसं उभी राहत होती. दादाच्या मागं कोण आहे? आपण जयंतीला त्याला भाषणाला बोलावतो, शाल देतो, आणि जूनमध्ये तो एकटा कॉलेजच्या बाहेर बाकड्यावर बसतो.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. एक, तासावरच्या प्राध्यापकाला बारा महिन्यांचा पगार आणि रिकाम्या जागांवर पक्की भरती, ही मागणी फक्त प्राध्यापकांची नाही. ती आपल्या मोर्चात आली पाहिजे. दोन, प्राध्यापकांनी सुद्धा आपण पांढरपेशे आहोत हा माज सोडून कंत्राटी कामगाराच्या रांगेत येऊन उभं राहावं. रांग एकच आहे. तीन, कागद गोळा करा. मुळशी तालुक्यातल्या वाड्यावाड्यांतून पत्र्याच्या पेट्या उघडा. १९२१ चा मुळशी सत्याग्रह आपण अभिमानानं सांगतो, सेनापती बापटांचं नाव घेतो, टाटांच्या धरणाखाली गावं गेली म्हणतो. पण त्या गावांतल्या महारवाड्यांचं काय झालं? पाटलाचं शेत गेलं त्याचा मोबदला ठरला, ज्याच्याकडं फक्त बलुतं होतं त्याच्या बलुत्याचा मोबदला कुणी कुणाला दिला? ते लिहिणारा इतिहासकार आकाशातून पडणार नाही. तो गेटवर रात्रपाळी करतोय.

परतायच्या आदल्या रात्री मी त्याच्या गेटवर गेलो. पहिला पाऊस भुरभुरत होता. तो प्लास्टिकच्या खुर्चीत बसून रजिस्टराच्या मागच्या पानावर काहीतरी लिहीत होता. बघितलं तर पहिल्या तासाचं टिपण. ऑर्डर नाही, वर्ग नाही, आणि हा माणूस टिपण काढतोय.

“पुन्हा कागद आणायला सांगणार?” मी विचारलं.

बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “ऑर्डर मिळाली तर सांगेन.”

“आणि नाही मिळाली तर?”

“तर विहारात रविवारी पोरं गोळा कर. तिथं कुणाची ऑर्डर लागत नाही.”

माझ्या पाकिटात मुदत संपलेले गोदीचे तीन पास होते. ते त्याच्या रजिस्टरावर ठेवले. म्हणालो, “दादा, हे पण कागद आहेत. माझ्यापासून सुरू कर.”

त्यानं ते एकेक करून उजेडात धरले, तारखा वाचल्या, आणि खिशात ठेवले.

दोस्तहो, जूनच्या पहिल्या रविवारी मारुंजीच्या विहारात सात पोरं नि तीन म्हाताऱ्या जमल्या, असा निरोप मला गोदीत मिळाला. आजी सगळ्यांत पुढं बसली होती म्हणे. तिच्याकडं कागद नव्हता. तिनं अंगठा पुढं केला आणि म्हणाली, “ह्याचं वाच.”