विश्लेषण : खेळाडू घडवतो गाव, मग पैसे कोणाला?

प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामाचे विजेतेपद मार्च २०२४ मध्ये पुणेरी पलटणने पटकावले. अंतिम सामन्यात हरियाणा स्टीलर्सचा २८-२५ असा पराभव झाला. या संघाचा कर्णधार अस्लम इनामदार अहिल्यानगर जिल्ह्यातला. लिलावात कोटीची बोली लावून आणलेला हा खेळाडू नव्हता. तरुण वयात संघाने त्याला निवडले, तयार केले आणि हंगामामागून हंगाम आपल्याकडे ठेवले. पुढे बाराव्या हंगामातही याच संघाने अंतिम फेरी गाठली, ऑक्टोबर २०२५ मध्ये दबंग दिल्लीकडून ३१-२८ अशी हार पत्करली, तेव्हाही कर्णधार तोच होता. तरुण खेळाडू ‘टिकवण्यावर’ पैसे खर्च करावेत की तयार खेळाडू लिलावात विकत घ्यावा, हा वाद जगभरच्या बास्केटबॉल संघांत चालतो, तोच आता आपल्या कबड्डीतही आहे. लोहा, कंधार, अहमदपूर भागातल्या शाळेच्या मैदानावर तयार होणाऱ्या मुलासाठी त्याचे उत्तर फार महत्त्वाचे ठरते.

टिकवणे म्हणजे नेमके काय?

प्रो कबड्डीत २०१४ पासून खेळाडू प्रामुख्याने लिलावातून येतात. पण लिलावाबाहेरचा एक रस्ताही आहे. त्याला ‘न्यू यंग प्लेअर्स’ म्हणजे एनवायपी म्हणतात. संघ स्वतः चाचण्या घेतात, ठरावीक वयाखालील मुले निवडतात आणि लिलावात न उतरवता त्यांच्याशी करार करतात. पुढच्या हंगामात हाच खेळाडू ‘टिकवलेला’ म्हणून संघात राहू शकतो. २०२४ च्या अकराव्या हंगामाआधी सगळ्या संघांनी मिळून ८८ खेळाडू टिकवले. त्यातले ४० जण आधीच्या एनवायपी गटातले, तर २६ जण ‘रिटेन्ड यंग प्लेअर्स’ या पुढच्या पायरीवरचे. अनुभवी म्हणावेत असे फक्त २२. म्हणजे टिकवण्याच्या यादीत चारपैकी तीन खेळाडू तरुण.

संघाच्या दृष्टीने हिशेब सोपा आहे. एका संघाला पूर्ण चमूसाठी साधारण ५ कोटी रुपयांची मर्यादा असते. एकाच चढाईपटूवर दोन-सव्वादोन कोटी गेले तर उरलेल्या पैशात बाकीचा चमू बसवावा लागतो. पवन सेहरावतसाठी तेलुगू टायटन्सने दहाव्या हंगामात २ कोटी ६० लाखांहून अधिक मोजले, पण विजेता ठरला तो घरचे तरुण घेऊन खेळणारा पुण्याचा संघ. दबंग दिल्लीचा नवीन कुमार हेही असेच उदाहरण. सहाव्या हंगामात नवखा म्हणून आलेला हा मुलगा दिल्लीने जपला आणि आठव्या हंगामात दिल्ली विजेती झाली.

उलटे उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. कोल्हापूर जिल्ह्याच्या चंदगड भागातला सिद्धार्थ देसाई. सहाव्या हंगामात यू मुम्बाने त्याला ३६ लाख ४० हजारांत घेतले. त्याने तो हंगाम गाजवला. पुढच्याच लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. खेळाडूचे भले झाले आणि ते व्हायलाच हवे होते. पण ज्या संघाने त्याला मोठ्या मंचावर उभे केले त्याच्या हाती एक रुपया आला नाही. आणि संघाच्याही आधी ज्या गावच्या मंडळाने त्याला कबड्डी शिकवली, त्याचे तर नावही लिलावाच्या कागदावर नव्हते.

बास्केटबॉलमध्ये हे कसे चालते?

अमेरिकेतील एनबीएने यासाठी स्वतंत्र लीगच काढली. २००१ मध्ये आठ संघांनिशी सुरू झालेली ही विकास लीग आज ‘जी लीग’ म्हणून ओळखली जाते. २०१७-१८ पासून त्यात ‘टू-वे’ करार आला. खेळाडू एकाच वेळी मुख्य संघाचा आणि जी लीगमधल्या संलग्न संघाचाही असतो. आज प्रत्येक मुख्य संघाला असे तीन खेळाडू ठेवता येतात. म्हणजे ३० संघांचे मिळून ९० तरुण. २०२४-२५ मध्ये या कराराचे मानधन सुमारे ५ लाख ७८ हजार डॉलर होते. नवख्या खेळाडूच्या किमान पगाराच्या बरोबर निम्मे. त्या बदल्यात मुख्य संघाकडून जास्तीत जास्त ५० सामने खेळता येतात आणि बाद फेरीत उतरायचे तर आधी पूर्ण करार करावा लागतो.

संघांना यातून काय मिळते? मायामी हीटने २०१८ मध्ये डंकन रॉबिन्सनला असाच करार दिला. ड्राफ्टमध्ये त्याला कोणी घेतले नव्हते. तीनच वर्षांनी त्याच संघाने त्याच्याशी पाच वर्षांचा ९ कोटी डॉलरचा करार केला. अर्थात सगळेच रॉबिन्सन होत नाहीत. पंजाबच्या बल्लो के गावातला सतनाम सिंग भमरा २०१५ मध्ये ५२ व्या क्रमांकावर डॅलस मॅव्हरिक्सने निवडला, तेव्हा भारतात मोठा गाजावाजा झाला. तो विकास लीगमध्ये खेळला, पण एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. २०२० मध्ये सुरू झालेला ‘जी लीग इग्नाइट’ हा खास तरुणांचा संघही चारच वर्षांत बंद पडला. पंजाबचाच प्रिन्सपाल सिंग त्यात होता. अमेरिकी महाविद्यालयांतील खेळाडूंना जाहिरातींतून पैसे घेण्याची मुभा मिळाल्यावर मुलांना वेगळ्या संघाची गरजच उरली नाही. तरुण घडवणे हा जोखमीचा धंदा आहे. एनबीएला तो परवडतो, कारण नव्वदातले ऐंशी फसले तरी उरलेले दहा खर्च भरून काढतात.

भारतात मात्र आतापर्यंत खेळाडू टिकवला तो संघांनी नव्हे, नोकरीने. रेल्वे, सेनादल, ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक यांचेच संघ वर्षानुवर्षे राष्ट्रीय बास्केटबॉलमध्ये दिसतात. भारताचे नेतृत्व केलेली पुण्याची शिरीन लिमयेही रेल्वेकडून खेळते. पगार बारा महिने, सराव सांभाळून काम, दुखापत झाली तरी चूल पेटते. कबड्डीतही एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, महिंद्रा, पोलीस यांनी हेच केले. लीग आल्यावर पैसा वाढला खरा, पण तो दोन-तीन महिन्यांच्या हंगामापुरता. उरलेले नऊ महिने मुलाने कुठे राहायचे, काय खायचे आणि कोणत्या मॅटवर सराव करायचा, हा प्रश्न करारात क्वचितच असतो.

मग लोह्याच्या मुलाचे काय?

नांदेड-लातूर रस्त्यावरच्या लोहा तालुक्यात खेळाचे नाव निघाले की आधी आठवते माळेगावची यात्रा आणि तिथली कुस्त्यांची दंगल. तिथे हिशेब रोख असतो. पट जिंकला की बक्षीस हातात. कबड्डी आणि बास्केटबॉलमध्ये तसे नाही. समजा इथला एखादा मुलगा सहावीपासून शाळेच्या संघात आहे. तालुका, जिल्हा, लातूर विभाग, राज्य अशा पायऱ्या चढतो. सतरा-अठराव्या वर्षी संघाच्या चाचणीला जातो. तोवरची सहा वर्षे खर्च कोणी केला? एसटीचे भाडे, बूट, दूध-अंडी घरच्यांनी. वेळ शाळेच्या क्रीडाशिक्षकाने, अनेकदा शाळा सुटल्यानंतर. मैदान आणि जर्सी गावच्या मंडळाने, गणपतीच्या वर्गणीतून वाचवलेल्या पैशातून. मातीवर शिकलेल्या मुलाला मॅटची सवय करायची तर जिल्ह्याच्या गावी जावे लागते, तो खर्च वेगळाच.

सरकारी मदत आहे, पण ती गाळणीतून येते. खेलो इंडियात निवड झाली तर खेळाडूमागे वर्षाला ६ लाख २८ हजार रुपयांची तरतूद आहे, त्यातले महिना १० हजार खिशाला मिळतात. ही रक्कम थोडी नाही, मात्र त्या निवडीपर्यंत पोहोचणारे मोजकेच. राज्याच्या ‘मिशन लक्ष्यवेध’साठी सुमारे १६० कोटींची योजना आखली गेली. तिच्यात ऑलिम्पिकमधले १२ खेळ घेतले. कुस्ती, हॉकी, तिरंदाजी आहेत. कबड्डी नाही, आणि ऑलिम्पिकमध्ये असूनही बास्केटबॉल नाही. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण ते खेळून झाल्यानंतरचे.

मुलींची स्थिती आणखी बिकट. प्रो कबड्डीने २०१६ मध्ये महिलांसाठी तीन संघांची स्पर्धा घेऊन पाहिली, पुढे ती चालली नाही. अल्टिमेट खो-खो २०२२ मध्ये सुरू झाली तीही पुरुषांसाठी. भारतीय महिलांनी जानेवारी २०२५ मध्ये खो-खोचा आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ढाक्यात कबड्डीचा विश्वचषक जिंकला. पण त्यांना टिकवणारा फ्रँचायझी संघच नाही. धाराशिवच्या सारिका काळेला २०२० मध्ये खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला, तिचा आधारही क्रीडा अधिकाऱ्याची नोकरी हाच. घडवण्याचे पैसे संघांनी द्यावेत असे म्हणताना निम्म्या खेळाडूंना संघच नाहीत, हे विसरून चालत नाही.

फुटबॉलने काय तोडगा काढला?

फिफाने २००१ पासून दोन नियम लावले. खेळाडूने पहिला व्यावसायिक करार केला की त्याला घडवणाऱ्या क्लबना प्रशिक्षण भरपाई. आणि करार चालू असताना तो दुसऱ्या क्लबकडे गेला तर हस्तांतर शुल्काच्या ५ टक्के रक्कम त्याच्या १२ ते २३ या वयातल्या सर्व क्लबमध्ये वाटली जाते. पंधराव्या वर्षापर्यंत दर वर्षाला पाव टक्का, पुढे अर्धा टक्का. पैसे बुडू नयेत म्हणून २०२२ पासून पॅरिसमध्ये क्लिअरिंग हाऊसही आहे. ब्राझीलमधल्या एखाद्या छोट्या क्लबला दहा वर्षांपूर्वीच्या पोरामुळे अचानक मोठी रक्कम मिळते ती यातूनच.

हा नियम उचलून कबड्डीत का लावता येत नाही? अडचण पैशाच्या वाटेत आहे. फुटबॉलमध्ये शुल्क एका क्लबकडून दुसऱ्या क्लबला जाते, त्यातून वाटा काढता येतो. आपल्या लिलावातली बोली हे खेळाडूचे मानधन असते. त्यातून मंडळाचा वाटा काढायचा म्हणजे मुलाच्या ताटातला घास काढणे. तेव्हा पैसा संघाने आणि लीगने वरून द्यायला हवा. १२ संघांची मर्यादा मिळून साधारण ६० कोटी होते. तिच्या ५ टक्के इतकी वेगळी रक्कम बाजूला काढली तर वर्षाला ३ कोटी उभे राहतात. प्रक्षेपण आणि प्रायोजकांच्या जोरावर चालणाऱ्या लीगसाठी ते न पेलणारे ओझे नाही.

दुसरी अडचण कागदाची. मुलगा बाराव्या वर्षी कोणाकडे शिकत होता याची नोंद असते कुठे? शालेय स्पर्धेची प्रमाणपत्रे असतात, मंडळाची नोंदणी जिल्हा संघटनेकडे असते, पण खेळाडूचा सलग इतिहास एका जागी नसतो. तो नसेल तर पैसे येताच दहा मंडळे दावा सांगतील. आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकाने घडवलेल्या मुलाचा वाटा शाळेला द्यायचा की शिक्षकाला, हा वाद तर ठरलेलाच.

पैसे दिले म्हणजे खेळाडू बांधला जातो का?

खरा धोका इथे आहे. ‘आम्ही घडवले, आता कुठे जायचे नाही’ असे संघ म्हणू लागले तर भरपाईचा नियम मुलाच्याच गळ्यात पडेल. युरोपात हे घडून गेले. ऑलिंपिक लिऑनने घडवलेला ऑलिव्हिए बर्नार २००० मध्ये क्लबचा करार नाकारून इंग्लंडच्या न्यूकॅसलकडे गेला. क्लबने नुकसानभरपाईसाठी कोर्ट गाठले. २०१० मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितले, की घडवण्याचा खर्च मागणे रास्त आहे, पण रक्कम प्रत्यक्ष प्रशिक्षण खर्चाच्या प्रमाणात हवी. खेळाडू निघून गेला म्हणून दंड लावता येणार नाही.

आपल्याकडे भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम २७ याच अंगाने जाते. व्यवसाय करण्यापासून कोणाला रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो. करार चालू असताना संघ खेळाडूला दुसरीकडे खेळू देणार नाही, हे चालते. करार संपल्यावरही अडवून धरणे मात्र टिकायला कठीण. म्हणून संघांनी टिकवण्याचे पैसे द्यावेत ते मुलाला, तेही बारा महिन्यांचे. घडवण्याचे पैसे द्यावेत ते शाळेला आणि मंडळाला. हे दोन हिशेब एकत्र केले की मुलाचे स्वातंत्र्य मंडळाच्या देण्याघेण्यात अडकते.

२०२५ च्या सुरुवातीला भारतात २५ वर्षांखालील खेळाडूंसाठी आयएनबीएल प्रो ही बास्केटबॉल लीगही खेळवली गेली. कबड्डीत जे दहा वर्षांनी सुचते आहे ते बास्केटबॉलला पहिल्याच काही हंगामांत नियमांत घालता येईल.

तोवर चाचणीचे बोलावणे आलेल्या मुलाच्या घरच्यांनी सहीआधी पाहण्यासारख्या गोष्टी आहेत. करार किती हंगामांचा आहे आणि वाढवण्याचा हक्क कोणाकडे आहे. मानधन संघात निवड झाल्यावर की सामन्यात उतरल्यावर. सराव शिबिराच्या महिन्यांचे पैसे मिळतात का. गुडघा किंवा खांदा गेला तर शस्त्रक्रियेचा खर्च कोण करणार आणि त्या काळात मानधन चालू राहते का. मुलगा अठरा वर्षांखालचा असेल तर त्याने स्वतः सही केलेला करार कायद्याने ग्राह्य नसतो, त्यामुळे पालकांसमोर बसून कागद वाचून दाखवा, असे म्हणायला संकोच करण्याचे कारण नाही. आणि सहावीपासूनची प्रत्येक स्पर्धेची प्रमाणपत्रे, शाळेचे नाव आणि वर्ष दिसेल अशी, एका फाइलमध्ये ठेवावीत.