थिल्लर म्हणण्याआधी नीट ऐका

कलापूर म्हणून मिरवणाऱ्या आपल्या कोल्हापुरात ऐंशीच्या दशकातल्या मराठी चित्रपटगीतांचा विषय काढला की दोन तऱ्हेची माणसं भेटतात. काही नाक मुरडतात. भावगीत मागं पडलं, कॅसेटवाल्यांनी कान बिघडवले, अल्लादिया खाँसाहेबांच्या गावानं हे असलं ऐकायचं का, असा त्यांचा पूर्वपक्ष. दुसरी मंडळी तरुण आहेत. गॅदरिंगला, हळदीला ती हीच गाणी लावतात आणि त्यांवर नाचतात, पण ‘किती भंगार, म्हणूनच मजा’ असं म्हणून. मला दोन्ही पक्ष मान्य नाहीत.

पहिल्यांना मी दोन चित्रपटांच्या श्रेयनामावल्या शेजारी ठेवून वाचायला सांगेन. १९७९च्या ‘अष्टविनायक’मधली गणेशवंदना आजही घरोघरी भक्तिभावानं लावली जाते. ती लिहिली शांताराम नांदगावकरांनी, चाल अनिल-अरुण यांची, म्हणजे अनिल मोहिले आणि अरुण पौडवाल यांची, आणि आवाज वसंतराव देशपांडे व अनुराधा पौडवाल यांचे. आता १९८७चा ‘गंमत जंमत’. त्यातलं किशोरकुमार आणि अनुराधा पौडवाल यांचं द्वंद्वगीत ‘थिल्लर’ गाण्यांच्या यादीत हमखास वर असतं. गीतकार तेच नांदगावकर, संगीतकार तेच अरुण पौडवाल. ‘अष्टविनायक’चा नायक सचिन इथं दिग्दर्शक आहे. या आठ वर्षांत या माणसांची अभिरुची कुठं सांडली, हे मला कुणी दाखवून द्यावं. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘अशी ही बनवाबनवी’च्या गीतकारांत नांदगावकरांबरोबर सुधीर मोघे आहेत. ज्यांच्या भावगीतांसाठी आपण हळवे होतो, तेच किर्लोस्करवाडीला जन्मलेले मोघे. जे हात भक्तिगीताला चालतात, तेच हसऱ्या गाण्याला लागले की हलके कसे होतात?

चाल सोपी होती, हा आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. सोपी होतीच. पण सोपी चाल बांधणं सोपं नसतं, याची परीक्षा कोल्हापूरच्या रस्त्यावर होते. वरातीत ब्रास बँड वाजतो तेव्हा शब्द गळून पडतात, गायकाचा आवाज गळतो, पडद्यावरचा चेहराही गळतो. उरतं ते क्लॅरोनेट, ट्रंपेट आणि ढोल. एवढ्यावर गाणं दोन ओळींत ओळखू आलं आणि म्हाताऱ्या आत्तीचा पाय थिरकला, तर त्या चालीला स्वतःचा कणा आहे. बेंजोवरही तेच. पौडवाल आणि मोहिले दोघेही वाद्यवृंदाची बांधणी कोळून प्यालेले. मुखडा किती आखूड ठेवायचा, गायकाला श्वास घ्यायला जागा कुठं सोडायची, अंतऱ्यातून परत कसं वळायचं, हे त्यांना नेमकं माहीत होतं. अलीकडची कितीतरी महागडी गाणी बँडवाल्यांच्या हाती गेली की ओळखू येत नाहीत.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळतो. मला तो अधिक खुपतो, कारण प्रेमाचा आव आणून तो गाण्याचा अपमान करतो. ‘गंमत जंमत’मधलं ते गाणं पडद्यावर अशोक सराफ आणि चारुशीला साबळे यांचं आहे. देखणा, गोरागोमटा नायक नव्हे, तर आपल्या गल्लीत सहज शोभेल असा गडी प्रेमात पडतो आणि त्याला थेट किशोरकुमारचा आवाज मिळतो. साध्या दिसणाऱ्या माणसालाही प्रेमगीत गाण्याचा हक्क आहे, हे त्या गाण्यानं भाषण न ठोकता सांगितलं. यात कीव करण्यासारखं किंवा खिल्ली उडवण्यासारखं काय आहे? ज्याला ते गाणं आवडतं त्यानं सरळ आवडतं म्हणावं. आवडीला हसण्याचं कुलूप लावून ठेवू नये.

त्या काळात वाईट गाणी नव्हती, असं मी म्हणणार नाही. गाजलेल्या हिंदी चाली उचलून त्यांवर मराठी शब्द बसवलेली गाणी निघाली. बाईची छेड काढणं म्हणजेच विनोद, असं समजणारी तर बरीच निघाली. ती टाकून द्यावीत, मला त्यांचं सोयरसुतक नाही. आणि अनंत चतुर्दशीला मिरजकर तिकटीपासून महाद्वार रोडपर्यंत छाती हादरवणाऱ्या डॉल्बीचा राग या गाण्यांवर काढू नये. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल ही मर्यादा नियमानंच घातली आहे. ती मोडणारा भीमसेनांचा अभंग लावूनही मोडू शकतो.

उरतो खाँसाहेबांचा दाखला. ज्या शाहू महाराजांनी त्यांना राजाश्रय दिला, त्यांनीच खासबागेत कुस्तीचं मैदान बांधलं आणि त्याला लागून १९१५ साली पॅलेस थिएटर, आजचं केशवराव भोसले नाट्यगृह, उभं केलं. एका बाजूला लाल मातीतली आरोळी, दुसऱ्या बाजूला नाट्यपद. गावाची अभिरुची म्हणजे एकच खोली, असं त्या राजाला वाटलं नाही. ८ ऑगस्ट २०२४च्या आगीत ते नाट्यगृह होरपळलं. ते पुन्हा पूर्ण तयारीनं गजबजेल तेव्हा ख्यालाच्या मैफली होतीलच, व्हायलाच हव्यात. पण एक संध्याकाळ नांदगावकर, पौडवाल आणि मोहिले यांच्या नावानंही व्हावी. ट्रॅक लावून नको, जिवंत वाद्यवृंदावर. व्हायोलिनची अख्खी रांग आणि कोल्हापुरातल्या जुन्या ऑर्केस्ट्रांमधले वादक घेऊन. निवेदकानं प्रत्येक गाण्याआधी गीतकार आणि संगीतकाराचं नाव घ्यावं, आणि विनोद करू नये.