मोबाईलवर खापर फोडण्याआधी

कॉलेजातली मुलं अभ्यास का करत नाहीत, असं कुणालाही विचारा. स्टाफरूम असो की शादीचा हॉल, उत्तर एकच: मोबाईल. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. माझे विद्यार्थी पुढं विद्यापीठात जातात, सुट्टीत भेटायला येतात. त्यांचं ऐकल्यावर हे उत्तर मला पटत नाही.

व्यसन हा शब्द आपण फार सहज वापरतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ पासून लागू केलेल्या आजारांच्या वर्गीकरणात गेमिंगच्या विकाराला जागा आहे, सरसकट इंटरनेटच्या व्यसनाला नाही. या विषयावरच्या अभ्यासांत वर्षानुवर्षं वापरली जाणारी प्रश्नावली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ किंबर्ली यंग यांनी १९९८ मध्ये मांडली. तिच्या २० प्रश्नांपैकी एक असा, की ऑनलाईन वेळ घालवल्यामुळं तुमच्या अभ्यासावर परिणाम होतो का? म्हणजे अभ्यास बुडणं हेच व्यसनाचं लक्षण धरायचं आणि मग व्यसनामुळं अभ्यास बुडतो, असा निष्कर्ष काढायचा! शिवाय एकदाच फॉर्म भरून घेतल्यावर दोन गोष्टी सोबत दिसतात, एवढंच कळतं. मोबाईलमुळं मन उडालं, की मन उडालं म्हणून मोबाईल हाती आला, हे कळत नाही.

मग मन का उडतं? एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांच्या मते आतून ओढ टिकायला तीन गोष्टी लागतात: स्वतः निवड करता येणं, आपल्याला जमतंय असं वाटणं आणि आपलेपणा. आता आपली कॉलेजं पाहा. विषय निवडायचा तो सीट शिल्लक असेल तो. शिकवायला तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक, पुढच्या वर्षी ते असतील की नाही हे त्यांनाच ठाऊक नसतं. परीक्षा गाईडवर निघते. उर्दू माध्यमातून आलेला मुलगा इंग्रजी लेक्चरला मागच्या बाकावर बसतो आणि तीन वर्षं तिथंच राहतो. त्याला समजेल अशा भाषेत तोच धडा समजावणारा कुणीतरी यूट्यूबवर भेटतो. एका खोलीत सहा माणसं राहतात त्या घरातल्या मुलीसाठी तर लायब्ररीही तोच फोन. तिचे तास मोजून तिला व्यसनी ठरवणार का?

कंपन्या निर्दोष आहेत, असं मी म्हणत नाही. स्क्रोल करताना पान संपूच नये, ही रचना अझा रस्किन यांनी २००६ मध्ये केली आणि पुढं त्यांनाच तिचा पश्चात्ताप झाला. झोप, जेवण, माणसं सुटलेली मुलंही आहेत. त्यांना भाषण नको, डॉक्टर हवा. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये २०१४ पासून त्यासाठी खास क्लिनिक चालतं. आपल्या किती विद्यापीठांत निदान एक पूर्णवेळ समुपदेशक आहे?

म्हणून माझं मागणं साधं आहे. मोबाईलबंदीचं परिपत्रक काढण्याआधी रिकाम्या जागा भरा. लायब्ररी रात्रीपर्यंत उघडी ठेवा, मुलींना तिथून सुखरूप घरी जाता येईल अशी सोय करा. दुसऱ्या माध्यमातून आलेल्यांसाठी पहिल्या वर्षी भाषेचे जादा तास घ्या. एवढं करूनही मुलं वर्गात आली नाहीत, तर मोबाईलला खुशाल दोष द्या, मीही तुमच्यासोबत असेन.