क्वांटमची प्रयोगशाळा लोकलच्या टप्प्यात, आपली मुलं कुठे?

कल्याण, उल्हासनगर, कळव्याच्या वस्त्यांतल्या बारावी सायन्स झालेल्या मुलाला पुढे काय करणार विचारलं, की उत्तर ठरलेलं: इंजिनीअरिंग, नाहीतर एमपीएससी. अणूंवर प्रयोग करायचेत, असं फारसं कुणी म्हणत नाही. आणि इकडे सीएसएमटीला उतरून कुलाब्याला गेलं, की टाटा मूलभूत संशोधन संस्थेत म्हणजे टीआयएफआरमध्ये क्वांटम संगणकाचं काम चालू आहे. डीआरडीओची पुण्यातली प्रयोगशाळा आणि टीसीएस यांच्यासोबत केलेल्या सहा क्युबिटच्या प्रोसेसरची चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये पूर्ण झाली.

केंद्राने १९ एप्रिल २०२३ रोजी राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं; २०३०-३१ पर्यंत ६,००३.६५ कोटी रुपये. त्यातलं एक केंद्र पवईच्या आयआयटीत आहे. पुण्याच्या आयसरमध्ये प्रा. उमाकांत रापोल यांचा गट लेझरने अणू थंड करून प्रयोग करतो. हे काम फळ्यावरच्या गणितापुरतं नाही. निर्वात पंप, आरसे, सोल्डरिंग; एक किरण जागेवर आणण्यात दिवस जातो. हाताने काम करणारा वेगळा आणि ज्ञानवंत वेगळा, ही आपल्याकडची जुनी वाटणी या प्रयोगशाळेत टिकत नाही.

दारात मात्र टिकते. २००६ च्या केंद्रीय प्रवेश-आरक्षण कायद्यातून टीआयएफआर वगळलेली आहे. २०१९ च्या अध्यापक-आरक्षण कायद्यातूनही वगळलेली आहे. कारण काय, तर ‘उत्कृष्टता’. आयआयटी आणि आयसरला दोन्ही कायदे लागू आहेत, तिथल्या विज्ञानाचं त्याने काय बिघडलं, हे कुणी सांगत नाही. जिथे जनतेचा पैसा जातो, तिथे किती अनुसूचित जातीचे संशोधक आहेत, हा प्रश्न आपल्या खासदारांनी संसदेत विचारायला हवा.

दुसरा अडसर घरातला. पीएचडीची पाच-सहा वर्षं, आणि घरी हप्ते चालू. नेट-जेआरएफ मिळाली तर महिना ३७ हजार मिळतात. नाही मिळाली तर बार्टीची वाट बघायची, आणि त्या फेलोशिपसाठीही २०२३ मध्ये मुलांना आझाद मैदानात बसावं लागलं.

बारावीनंतर नेस्ट दिली तर कलिन्यातच पाच वर्षांचं एमएस्सी आहे. आयसरची परीक्षा वेगळी, बीएस्सीनंतर जॅम. विहाराच्या अभ्यासिकेत एमपीएससीच्या पुस्तकांशेजारी या तिन्हींच्या जुन्या प्रश्नपत्रिका ठेवायला झेरॉक्सपुरताच खर्च येतो.